सरगूर स्टँडवरचा हिरवा ठिपका

एका चौकटीत चारचा आकडा होता. तो पुसून मी तिथे दोन लिहिला. तीन सेकंदही लागले नसतील. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक दिसायला एवढीच आहे. ती दुसऱ्याच कुणाच्या हातून झाली, असं मी लोकांना तीन वर्षं वाटू दिलं, हे त्या चुकीपेक्षा वाईट.

म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असं संपादक दोन वर्षं मागे लागले होते. सैन्याचं काम आहे, बोलता येत नाही, असं सांगून मी सुटत होतो. ते अर्धं खरं आहे. यंत्रांची, तुकड्यांची, जागांची नावं मी इथेही लिहिणार नाही. पण गप्प राहण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि या वर्षी ते उरलं नाही.

आमची कंपनी म्हैसूरला हेब्बाळच्या औद्योगिक भागात आहे. साताऱ्याहून मी इथे आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. सैन्य सॉफ्टवेअर विकत कसं घेतं, असं कुणी विचारलं की मी शिंप्याचं उदाहरण देतो. समजा, मुलगा आठवीत असताना शिंप्याने माप घेतलं, आणि सूट त्याला स्वतःच्या लग्नात घालायचा आहे. सैन्य आपली गरज कागदावर लिहितं, त्या कागदावर सह्या होतात, मग निविदा, मग करार, मग आम्ही लिहायला बसतो, मग चाचण्या. तोवर मुलगा वाढलेला असतो. म्हणून मधे मधे बोलावून सूट अंगाला लावून बघायचा असतो. आमच्याकडे त्याला रिव्ह्यू म्हणतात. दर तीन महिन्यांनी सैन्याचे अधिकारी येतात आणि काय झालं, काय राहिलं, काय बिघडू शकतं, हे विचारतात.

काय बिघडू शकतं याची एक यादी असते, रिस्क रजिस्टर. प्रत्येक धोक्यासमोर दोन आकडे लिहायचे. घडण्याची शक्यता किती, एक ते पाच. घडलाच तर नुकसान किती, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार करायचा. पंधराच्या वर गेला की ओळ लाल होते, त्याखाली पिवळी, अगदी कमी असेल तर हिरवी. लाल ओळी सैन्यापुढे ठेवायच्या, पिवळ्या घरातच राहतात. धोका कुणीही नोंदवू शकत होतं, पण आकडे बदलायचा अधिकार प्रोजेक्ट मॅनेजरला, म्हणजे मला. आणि आमच्या शीटमध्ये नवा आकडा लिहिला की जुना नाहीसा व्हायचा. ज्याला काम वेळेत संपवायचं आहे त्याच्याच हातात लाल-पिवळ्याची किल्ली. हे चूक आहे, हे आज मी कुणालाही पटवून देऊ शकतो. तेव्हा मला ते सोयीचं वाटायचं.

आम्ही बनवत होतो ती गोष्ट सांगायला सोपी आहे. गस्तीवर गेलेली तुकडी कुठे आहे, हे तंबूतल्या नकाशावर हिरव्या ठिपक्याने दाखवायचं. गस्तीच्या प्रमुखाच्या पाठपिशवीत एक यंत्र, ते उपग्रहावरून आपली जागा ओळखतं आणि रेडिओने तंबूला कळवतं.

सुरुवातीच्या एका रिव्ह्यूला एक सुभेदार आले होते. सामान वाहणाऱ्या खेचरांच्या तुकडीतले. दोन तास ते काही बोलले नाहीत. शेवटी चहा आला तेव्हा म्हणाले, तुमचं यंत्र जागा कळवताना जो आवाज काढतं ना, त्याने खेचर बिचकेल. आमच्या टेबलावर हसण्याची लाट आली. सुभेदार हसले नाहीत. डोंगरातल्या अरुंद वाटेवर बिचकलेलं खेचर काय करतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मग आम्हीही हसलो नाही. रजिस्टरमध्ये ‘खेचर बिचकणे’ अशी ओळ आली. आमच्या डायरेक्टरना ती लाजिरवाणी वाटायची, पण सैन्याच्या बाजूने रिव्ह्यू घेणाऱ्या कर्नलना ती फार आवडली. आवाज काढून टाकला. हसू येतं तो धोका खोटा असतो असं नाही, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं.

हे कर्नल गढवालकडचे, शांत गृहस्थ. लाल ओळी सगळ्या वाचून झाल्या की कागद बाजूला सारायचे आणि मला दरवेळी एकच प्रश्न विचारायचे, “इनमें से कौन-सी चीज़ आपकी नींद उड़ाती है?” मी यादीतलं काहीतरी सांगायचो. तंबूत नकाशा दाखवणारे पडदे वेळेवर मिळतील का, अमुक माणूस नोकरी सोडेल का. ते मान हलवून लिहून घ्यायचे.

आता ललिताबाई. ललिताबाई जगताप आमच्या टेस्टिंग विभागाच्या प्रमुख होत्या. आम्ही बनवलेलं मोडून दाखवणं हे त्यांचं काम. जन्म इथल्याच चामराजपुरमचा. पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते, आणि घरात अजून मराठी चालते, कन्नडमध्ये चांगली मुरलेली. मी पहिल्या दिवशी त्यांच्याशी मराठीत बोललो, तेव्हा त्या थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “तुमची मराठी टीव्हीवरच्या बातम्यांसारखी आहे सर. मनुष्य बोलतोय असं वाटत नाही.” तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांची कामाची पद्धत वेगळी होती. प्रयोगशाळेत सगळी यंत्रं हिरवी दिसायची, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एका शुक्रवारी परवानगी घेऊन त्यांनी यंत्र तागाच्या पिशवीत घातलं, म्हैसूरहून एच. डी. कोट्याची बस पकडली, आणि पुढे सरगूरला गेल्या. तिथे त्यांच्या मावसभावाचं शेत आहे, आणि स्टँडच्या मागूनच शेतापर्यंत सागाची दाट झाडी. उतरल्यावर त्या तिकडे चालू लागल्या. इकडे हेब्बाळला आम्ही नकाशा बघत होतो. ठिपका सरगूरच्या बसस्टँडवर येऊन थांबला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. “मॅडम कॉफी पीत बसल्यात,” कुणीतरी म्हणालं. “दुसरी कॉफी,” दुसऱ्याने भर घातली. मीही हसलो. ठिपका छान हिरवा होता, आणि दर मिनिटाला ताजी वेळ दाखवत होता.

ललिताबाई तेव्हा स्टँडपासून अडीच किलोमीटरवर झाडीत होत्या.

सोमवारी त्यांनी कारण शोधून काढलं. दाट झाडीत उपग्रहाचा संपर्क तुटला, आणि त्याच वेळी बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली, की यंत्र शेवटची माहीत असलेली जागाच पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. नकाशा ती नवी समजतो. माणूस एकीकडे, ठिपका दुसरीकडे, आणि बघणाऱ्याला शंकाही येत नाही. रजिस्टरमध्ये त्यांनी ओळ लिहिली. शक्यता चार, नुकसान पाच. वीस. लाल.

रिव्ह्यू गुरुवारी होता. ही ओळ लाल राहिली तर चाचणीची तारीख पुढे जाणार हे मला दिसत होतं. आधीच आम्ही दोनदा तारीख चुकवली होती आणि डायरेक्टरनी मला बजावून ठेवलं होतं. बुधवारी संध्याकाळी मी स्वतःशी वाद घातला. झाडी आणि बॅटरीची सोय, दोन्ही एकाच वेळी किती वेळा येणार? एका शेतातली एक फेरी, त्यावरून चार कसे? रिव्ह्यू होऊ दे, मग पुन्हा चार करू. मी दोन लिहिले. गुणाकार दहा झाला, ओळ पिवळी झाली. गुरुवारी कर्नलनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी पडद्यांबद्दल बोललो.

ललिताबाईंना चार दिवसांनी कळलं. त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, “सर, पिवळं कसं झालं? मी चालत होते की, मला माहीत आहे.” मी म्हटलं, तात्पुरतं आहे, चाचणीआधी दुरुस्त करू. त्या म्हणाल्या, “नोडी सर, बघा हं, विसरू नका.” मी विसरलो नाही. नुसतं पुढे ढकलत राहिलो, आणि चाचणीचा दिवस आला.

चाचणी उत्तरेत होती, डोंगर आणि देवदारांच्या जंगलात. सहा जणांची गस्त सकाळी निघाली, मी तंबूत नकाशापाशी होतो. दुपारी एकच्या सुमारास रेडिओवरून तुटक आवाज आला. नायक हुद्द्याचा एक जवान नाल्यात घसरून पडला होता, पायाचं हाड मोडलं होतं. पुढचं बोलणं ऐकू येण्याआधी बोलायचा रेडिओ बंद पडला; आमच्या यंत्रातला वेगळा होता, तो चालू होता. तंबूतल्या सगळ्यांनी नकाशाकडे पाहिलं. ठिपका एका उघड्या कड्यावर होता, हिरवा, ताजा. मदतीची तुकडी कड्याकडे निघाली.

कड्यावर नाला नसतो, हे मला लगेच दिसलं. ठिपका तिथे बराच वेळ हललेला नाही, हेही दिसलं. मला सरगूरचा स्टँड आठवला. दहा मिनिटांत मला सगळं कळलं होतं. पण बोललो ते तासाभराने, मदतीची तुकडी कड्यावर पोचून तिथे कुणी नाही असं कळवल्यावर. आणि तेही कसं, तर “ठिपका जुना असण्याची एक शक्यता आहे,” असं, जणू मला आत्ताच सुचलं. त्या नायकाला अंधार पडण्याआधी शोधलं, तेही गस्तीतला एक जवान वर चढून वाटेवर येऊन ओरडला म्हणून. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दोन आठवड्यांनी आमच्या मीटिंगच्या खोलीत चौकशी झाली. आठ जण होतो. कर्नल, त्यांचे दोन अधिकारी, आमचे डायरेक्टर, आमच्याकडचे आणखी दोघं, ललिताबाई आणि मी. कर्नलनी रजिस्टर मागवलं. ओळ सापडली. नोंदवणाऱ्याच्या रकान्यात ललिताबाईंचं नाव, पुढे शक्यता दोन. कर्नलनी त्यांना विचारलं की इतका गंभीर दोष दिसत असताना शक्यता दोन कशी दिली. त्या म्हणाल्या की आपण चार लिहिले होते. डायरेक्टर म्हणाले, इथे तर दोन आहे. मग ललिताबाई माझ्याकडे वळल्या आणि त्या इंग्रजी बोलण्यात एकदम मराठीत म्हणाल्या, “सर, सांगा की.”

मी म्हटलं, बरेच बदल होत असतात, मला आता आठवत नाही. जुना आकडा शीटमध्ये उरलाच नव्हता, त्यामुळे दोन त्यांनीच लिहिले असं सगळ्यांनी धरलं.

पुढचं सगळं हळूहळू झालं. कुणी ललिताबाईंना काढलं नाही. त्यांना चाचणीच्या कामावरून उठवून कागदपत्रांच्या विभागात बसवलं. मीटिंगमध्ये त्या काही म्हणाल्या की लोक आधी एकमेकांकडे बघायचे. आठ महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला आणि एच. डी. कोट्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागल्या. निरोपसमारंभाला मी हार दिला. त्यांनी तो घेतला.

दोष मात्र आम्ही दुरुस्त केला, आणि चांगला केला. जागा जुनी झाली की ठिपका करडा होतो, आतून पोकळ दिसतो, आणि शेजारी किती मिनिटांपूर्वीचा ते लिहिलेलं असतं. मी हट्टाने आणखी एक नियम आणला. रजिस्टरमधला आकडा कमी करायचा असेल तर ज्याने धोका नोंदवला त्याची सही लागते, आणि जुना आकडा, बदलणाऱ्याच्या नावासकट, कायम दिसत राहतो. लोकांनी कुरकुर केली. आता सवय झाली आहे. मागच्या वर्षी या नियमामुळे दोन ओळी लाल राहिल्या, दोन तारखा पुढे गेल्या, आणि आकाश कोसळलं नाही. सैन्याने उलट आभार मानले. मला वाटायचं, एवढं केलं म्हणजे फेड झाली.

ती समजूत त्याच नायकाने मोडली. नवीन यंत्र शिकवण्याचा वर्ग होता, आणि शिकवायला तोच आला, हवालदार होऊन. थोडा लंगडत चालत होता, पण खणखणीत बोलत होता. त्याने फळ्यावर पोकळ ठिपका काढला आणि जवानांना सांगितलं की हा दिसला तर विश्वास ठेवू नका, शोधायला लागा. मग मागे बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “ये साहब हैं, जिन्होंने हमारी बात सुनी।” वर्गाने टाळ्या वाजवल्या. तो लंगडत माझ्याजवळ आला आणि त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. मला हात काढून घेता येईना.

त्या आठवड्यात मी दोन पत्रं लिहिली. एक डायरेक्टरना, एक कर्नलना, ते आता निवृत्त होऊन डेहराडूनला असतात. दोन्हींत सगळं लिहिलं, तासभर गप्प बसलो तेही. डायरेक्टरनी मला बोलावून दार लावून घेतलं. बराच वेळ ते माझ्यावर रागावले, मग स्वतःवर रागावले, कारण तारखेचा दट्ट्या त्यांचाच होता. माझ्याकडून प्रोजेक्ट काढून घेतलं. नोकरी ठेवली. आता मी इतरांची रजिस्टरं तपासतो, आणि खरं सांगायचं तर हे काम मला आधीच्या कामापेक्षा बरं जमतं.

कर्नलचा फोन आला. पत्र मिळालं म्हणाले. नायकाला आपण स्वतः कळवू म्हणाले, आणि त्याने तुम्हाला हाकलून दिलं नाही तर त्याला भेटा म्हणाले. (त्याने हाकललं नाही. तो भाग मी माझ्यापाशीच ठेवतो.) मग त्यांनी विचारलं, “मैडम को बताया?”

नव्हतं सांगितलं. दोन पत्रं लिहिणं सोपं होतं, कारण लिहिताना वाचणारे समोर नव्हते.

एका शनिवारी मी कोट्याला गेलो. ललिताबाई वर्गात होत्या. फळ्यावर बसच्या वेळा दाखवणाऱ्या मोबाइल ॲपचं चित्र होतं. त्यांनी मुलामुलींना सकाळी बसस्टँडवर उभं केलं होतं आणि ॲप किती वेळा खोटं बोललं ते लिहून आणायला लावलं होतं. एक मुलगी उठून सांगत होती की बस समोरून गेली तरी ॲप दहा मिनिटं बाकी म्हणत होतं. “मग तू कुणावर विश्वास ठेवलास?” बाईंनी विचारलं. “डोळ्यांवर,” ती कन्नडमध्ये म्हणाली आणि वर्ग हसला. दारात उभा राहून ऐकताना मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी.

वर्ग सुटला. रिकाम्या बाकावर बसून मी सगळं सांगितलं. मी माफी मागायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“इथं नको, सर.”

“मग कुठे?” मी विचारलं.

“तिथं आठ माणसं होती. आठांनी ऐकलं मी चुकले करून. इथं रिकाम्या वर्गात तुम्ही माफी मागणार, मी आयतु, झालं, म्हणणार, तुम्ही बस पकडून हलकं होऊन जाणार. माझं काय झालं त्यात?” त्या रागावलेल्या नव्हत्या, दोष समजावून देताना बोलायच्या तशाच बोलत होत्या. “माझे वडील, अप्पाजी, एटी-टू वर्षांचे आहेत. अजून विचारतात, एवढी हुशार तू, तुझ्याकडून कसं चुकलं? मी काय सांगू? त्याच खोलीत बोला. मिनिट्समध्ये लिहून द्या. मी अप्पाजींना वाचून दाखवते.”

“तुम्ही याल?”

“येते की. तुम्ही नीट बोलता का ते टेस्ट करायला नको?” आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा त्या माझ्याकडे बघून हसल्या.

डायरेक्टर तयार झाले. मागच्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी अकरा वाजता ती बैठक झाली. आठांपैकी एक जण नोकरी सोडून परदेशी गेला होता, त्याला फोनवर घेतलं. कर्नल पडद्यावर होते, त्यांचे तेव्हाचे दोन अधिकारी वेगवेगळ्या शहरांतून जोडले गेले होते. ललिताबाई चौकशीच्या दिवशी बसल्या होत्या त्याच खुर्चीत बसल्या. साडी इस्त्रीची, समोर वही उघडी. डायरेक्टरनी विषय सांगितला आणि त्यांना म्हणाले की कंपनीने तुमच्या बाबतीत अन्याय केला, तो नोंदीतून आज दुरुस्त होईल, आणि पुढच्या प्रोजेक्टच्या बाहेरच्या तपासणीचं काम तुम्ही घ्यावं अशी आमची विनंती आहे. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, नोडोण, बघू या, आधी यांचं होऊ दे.

मी उभा राहिलो. घरी चार वेळा लिहिलेलं निवेदन खिशात होतं. ते मी इंग्रजीत वाचलं, नोंदीसाठी, तारखा आणि आकडे नीट सांगून. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला. पण माझी नजर अजून टेबलावरच होती, आणि निम्मं काम राहिलेलं आहे हे मला कळत होतं. म्हणून मी ललिताबाईंकडे पाहिलं आणि मराठीत बोललो.

“बाई, तुम्ही चारच लिहिले होते. ते मी दोन केले, तारीख पुढे जाऊ नये म्हणून. तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, तेव्हा मला आठवत होतं. घाबरून मी खोटं बोललो, आणि माझी चूक तुम्ही तीन वर्षं वागवलीत. तुमच्या अप्पाजींना सांगा, त्यांची मुलगी चुकली नव्हती. मी तुमची माफी मागतो.”